हॉस्टेलात फ्लूची साथ: मजला प्रतिनिधीने नक्की काय करायचं?

तिसरा मजला

मी मुलांच्या हॉस्टेलात तिसऱ्या मजल्याचा प्रतिनिधी आहे. एका खोलीत दोघं-तिघं, बाथरूम मजल्याला मिळून एक, मेस खाली. गेल्या आठवड्यात कोपऱ्यातल्या खोलीतल्या एकाला थंडी वाजून ताप भरला, अंग ठणकायला लागलं. आता त्या बाजूच्या जवळपास प्रत्येक खोलीतून रात्रभर खोकला ऐकू येतो. दोघांची तपासणी झाली, इन्फ्लुएन्झा ए निघाला. रेक्टर सरांनी कॉरिडॉरमध्ये फवारणी करून घेतली आणि 'काळजी घ्यावी' अशी नोटीस लावली. काळजी म्हणजे काय, ते नोटिशीत नाही.

माझे प्रश्न: आजारी मुलाला खोलीतून हलवायचं की त्याच्या रूममेटला? लस आता घेऊन उपयोग आहे का? ग्रुपवर एकाने अँटिबायोटिकचं नाव टाकलं आणि काही जणांनी आणून सुरूही केलं, त्यांना काय सांगू? आणि मुख्य अडचण म्हणजे अंतर्गत परीक्षा तोंडावर आहेत. मेडिकल सर्टिफिकेट नसेल तर हजेरी कापतात, म्हणून पोरं ताप अंगावर काढून लेक्चरला जातायत.

घरगुती उपाय नकोत प्लीज. ते ग्रुपवर ढिगाने आलेत.

निळी शाई

मास्क, सॅनिटायझर, भरपूर पाणी. संपला विषय. फ्लूच आहे रे, चार दिवसांत उतरतो. दरवर्षी येतो आणि जातो.

थर्मामीटर

एका कॉलेजच्या आरोग्य केंद्रात मी नर्स आहे, बरीच वर्षं झाली. तुझ्या वयाची पोरं रोज समोर असतात म्हणून एकेरीत लिहिते, चालवून घे.

तुझा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण साथ तिथेच फोफावते. साथीच्या दिवसांत आमचं दार उघडायच्या आधीच बाहेरच्या बाकावर रांग लागलेली असते. त्यातल्या बऱ्याच जणांना औषध नको असतं, कागद हवा असतो. 102 ताप असलेला मुलगा गुडघ्यात डोकं घालून बसलेला, त्याच्या खांद्याला खांदा लावून टाके काढायला आलेली मुलगी, पलीकडे दम्याचा पंप संपला म्हणून आलेलं कुणीतरी. जागा अरुंद, खिडकी बंद, आणि सगळे तासभर एकमेकांच्या श्वासातली हवा घेत बसलेले. ज्याने पांघरूण घेऊन पडून राहायचं, त्याला उठवून इथवर आणलं ते आपल्याच नियमाने.

रांगेला जो कंटाळतो तो दुसरी वाट धरतो. सकाळी पॅरासिटामोल घेतो आणि वर्गात जाऊन बसतो. गोळीचा अंमल चार ते सहा तास. पहिली लेक्चरं निभावतात, दुपारच्या प्रॅक्टिकलला पुन्हा हुडहुडी भरते. गोळीने ताप उतरतो, विषाणू बाहेर पडायचा थांबत नाही. अंगात ताप नाही असं बघून शेजारी बसणारे मात्र निर्धास्त.

तेव्हा रेक्टरांकडे जाशील तेव्हा फवारणीवरून वाद घालत बसू नकोस. एकच मागणी लेखी घेऊन जा: साथ ओसरेपर्यंत आजारपणाचे पहिले काही दिवस सर्टिफिकेटशिवाय धरावेत, विद्यार्थ्याने स्वतः फॉर्म भरला की पुरे, आणि हुकलेली अंतर्गत परीक्षा नंतर घ्यावी. ही गोष्ट रेक्टरांच्या हातात नसेल, पण प्राचार्यांपर्यंत कागद तेच पोचवू शकतात. आमच्या केंद्राचाही याला पाठिंबा असतो. खऱ्या आजाऱ्याला तपासायला तेव्हा कुठे वेळ मिळतो.

आता विषाणूचं वेळापत्रक बघ, म्हणजे बाकीची उत्तरं आपोआप येतील. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, बहुधा दोन. माणूस दुसऱ्याला आजार देऊ लागतो तो ताप यायच्या साधारण एक दिवस आधीपासून, आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. त्यातही पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. म्हणजे तुझ्या कोपऱ्यातल्या मुलाला सोमवारी ताप भरला असेल, तर रविवारी मेसमध्ये हसत-खिदळत बसला होता तेव्हाच तो वाटत सुटला होता. त्याचा रूममेट तेव्हाच कचाट्यात आलेला. म्हणून रूममेटला दुसऱ्या खोलीत घुसवू नकोस. तो आज ठणठणीत दिसतोय, पण उद्या त्याच्यामुळे नवी खोली आजारी पडेल. आजारी असलेल्यांना एकत्र करून एखादी रिकामी खोली मिळाली तर उत्तम. तपासणीत दोघांनाही फ्लू निघालाय, त्यांनी एका खोलीत राहायला हरकत नाही. रूममेट आपल्या खोलीतच राहील, पुढचे चार दिवस मास्क लावेल आणि तापावर लक्ष ठेवेल.

रिकामी खोली नसेल (कधीच नसते, मला माहीत आहे), तर खाटा हलवा. दोन्ही खाटा समोरासमोरच्या भिंतींना लावा, मध्ये जमलं तर सहा फूट. आणि उशा उलट्या बाजूंना करा: एकाचं डोकं दाराकडे, दुसऱ्याचं खिडकीकडे. खाटा एकावर एक असतील तरीही असंच, वरच्याची उशी एका टोकाला आणि खालच्याची दुसऱ्या. फुकटातला उपाय आहे, पण झोपेतल्या सात-आठ तासांत दोन तोंडांमधलं अंतर वाढतं. खिडकी थोडी उघडी आणि दाराच्या वरचा झरोका मोकळा. त्या झरोक्यावर कुणीतरी कॅलेंडर नाहीतर पोस्टर चिकटवलेलं असतं, ते आधी काढ.

खिडकीवर एवढा भर का, तेही सांगते. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉलेजच्याच परिसरातले फ्लूचे 142 रुग्ण घेतले, त्यांना एका यंत्रासमोर अर्धा तास बसवलं आणि त्यांच्या श्वासातून काय बाहेर पडतं ते गोळा केलं. 2018 साली ते प्रसिद्ध झालं. नुसता श्वास घेणाऱ्यांच्या हवेतही जिवंत विषाणू सापडला, त्यासाठी खोकण्या-शिंकण्याची गरज नव्हती. 'मी कुठे खोकतोय' म्हणून मास्क न लावणाऱ्यांना हे दाखव.

फवारणीबद्दल एवढंच की विषाणू स्टील-प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक-दोन दिवस तग धरतो, कापडा-कागदावर त्याहून बराच कमी. हात लागतात ते बाथरूमची कडी, नळ, पाण्याच्या कूलरचं बटण, मेसमधले मोठे डाव यांना. तेच पुसायचे. भिंतीला कोण चाटतंय?

हातांसाठी साबण, 20 सेकंद. साबण नसेल तिथे सॅनिटायझर, त्यात अल्कोहोल निदान 60 टक्के असावं. बाटलीवर लिहिलेलं असतं. सुवासिक पाणी विकणाऱ्या बाटल्याही पाहिल्यात मी.

निळी शाई यांना: चार दिवसांत उतरतो हे बहुतेक तरुणांच्या बाबतीत खरं आहे. पण मजल्यावर कुणाला दमा असतो, कुणाला मधुमेह, कुणी स्टिरॉइडवर असतं आणि आपल्याला सांगितलेलं नसतं. फ्लू त्यांनाही 'चार दिवसांचा'च राहील याचा भरवसा नाही.

अँटिबायोटिकवाल्यांना सांग, फ्लू विषाणूचा आहे, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. इथे त्याचा शून्य उपयोग, वर जुलाब होतील ते वेगळे. फ्लूनंतर न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक लागू शकतं, पण ते डॉक्टर छाती तपासून देतील. ग्रुपवरचा मित्र छाती तपासत नाही. आणि कुणाला ते डॉक्टरनेच लिहून दिलं असेल, तर आपल्या मनाने बंद करायला लावू नकोस. परत जाऊन विचारू दे.

खडूफळा

थर्मामीटरताई, बाकी सगळं पटलं, रजेचं नाही. मी शिकवतो. सर्टिफिकेट काढून टाकलं की परीक्षेच्या आदल्या दिवशी निम्म्या वर्गाला ताप येईल. खऱ्याची काळजी आम्हालाही आहे, पण खोट्याचं काय? शिवाय प्रॅक्टिकल बुडलं तर ते पुन्हा घ्यायला ना वेळ असतो ना प्रयोगशाळा मोकळी असते.

थर्मामीटर

सर, खोटे येतील. मी नाकारत नाही. पण सर्टिफिकेटने ते थांबतात असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा आमच्या बाकावर येऊन बसा. 'दोन दिवसांपूर्वी ताप होता, आता नाही' म्हणणाऱ्याला मी कुठल्या यंत्राने तपासणार? थर्मामीटर कालचा ताप दाखवत नाही. खोटं बोलणारा कागद मिळवतोच. खरा आजारी मात्र उठून चालू शकत नाही म्हणून हजेरी गमावतो.

मर्यादा घाला ना. सत्रात एकदाच, ठरावीक दिवस, फॉर्मवर सही, आणि लांबलं तर मग सर्टिफिकेट. सगळ्या विभागांना एकच नियम, नाहीतर पोरं सौम्य सर शोधतात. प्रॅक्टिकलसाठी सत्राच्या शेवटी एक राखीव दिवस. बारा-पंधरा मुलं एकत्र उरकतील. आणि तुमच्या स्वतःच्या घशात खवखव असताना तुम्ही वर्गावर जाता की नाही? मुलं ते बघतात. सर तापात शिकवून गेले हे कौतुकाने सांगतात, आणि मग तसंच वागतात.

खडूफळा

शेवटचं वाक्य लागलं :) राखीव दिवसाचं विभागाच्या बैठकीत मांडतो. वर्गाच्या खिडक्यांवर पंखे बाहेरच्या दिशेने लावून काही फरक पडेल का?

थर्मामीटर

पडेल, समोरून हवा आत यायला वाट असेल तर. एक पंखा बाहेर फेकणारा आणि विरुद्ध बाजूचं दार उघडं. दार बंद ठेवून पंखा लावला तर नुसता आवाज. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र भौतिकशास्त्र विभागाकडे असेल तर मागून घ्या. बाहेरच्या हवेत आकडा 420 च्या आसपास असतो. भरल्या वर्गात तो हजाराच्या बराच वर गेला की समजायचं, आपण एकमेकांनी सोडलेलीच हवा घेतोय. ते यंत्र विषाणू मोजत नाही, फक्त खोली किती कोंदली ते सांगतं.

तिसरा मजला

ताई, खूप आभार. खाटा हलवल्या, झरोक्यावर खरंच पोस्टर होतं. अर्जही दिला. आता अजून तीन गोष्टी. एक, आजारी मुलाच्या रूममेटला दमा आहे, हे आजच कळलं. दोन, एक जण धावण्याच्या संघात आहे. ताप उतरला की उद्यापासून सरावाला जातो म्हणतो. तीन, लसीचं राहिलं. ग्रुपवर दोन गट पडलेत, 'लसीनेच फ्लू होतो' आणि 'लस घेतली की होतच नाही'.

थर्मामीटर

दमावाल्याला आज पाठव, उद्या नाही. फ्लूवरचं ओसेल्टामिविर नावाचं औषध असतं. लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतलं तर सगळ्यात जास्त गुण येतो. धडधाकट तरुणाचा आजार त्याने साधारण एका दिवसाने कमी होतो, म्हणून सगळ्यांना ते देत नाहीत. पण दमा, मधुमेह, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी असणं, असं काही असेल तर डॉक्टर तपासणीच्या निकालाची वाट न बघता सुरू करतात. आणि संपर्कात आलेल्या अशा माणसाला लागण टाळण्यासाठीही देता येतं. ते डॉक्टर ठरवतील, पण ठरवायला माणूस वेळेत समोर पाहिजे. त्याचा पंप भरलेला आहे ना, तेही बघ. झटपट तपासणी निगेटिव्ह आली म्हणून हुरळून जाऊ नका. त्या चाचणीतून बरेच खरे रुग्ण निसटतात.

धावपटूला खोलीत बसव. ताप असताना किंवा नुकताच उतरलेला असताना जोर लावला, तर क्वचित का होईना हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. वर्गात परतायचा नियम असा: तापाची गोळी न घेता पूर्ण 24 तास ताप नाही आणि बाकी त्रासही उतरणीला लागलेला. मैदानासाठी त्याच्या पुढे आणखी काही दिवस, आधी चालणं, मग हळूहळू. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. खोकला आणि थकवा दोन आठवडे किंवा जास्तही रेंगाळतो. नुसत्या उरलेल्या खोकल्यासाठी कुणाला वाळीत टाकू नका, मास्क लावून फिरू दे.

लस. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कसकस वाटते. पण दुसरा गटही चुकतोय. मिशिगन विद्यापीठात 2021 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दीड महिन्यात फ्लूचे 700 हून अधिक रुग्ण सापडले, इन्फ्लुएन्झा ए मधल्याच एच3एन2 या प्रकाराचे. त्या हंगामातली लस फिरणाऱ्या विषाणूला नीट जुळली नव्हती आणि लस घेतलेलेही आजारी पडले. विषाणू रूप बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळी, लसीत काय असावं ते ठरवते. चांगली जुळली तर आजार टळतो, अर्धवट जुळली तरी इस्पितळात जायची पाळी येण्याची शक्यता कमी होते. म्हणून मी दरवर्षी घेते. तुमच्या मजल्यासाठी आता घेतली तर संरक्षण यायला सुमारे दोन आठवडे लागतील. ही लाट तोवर ओसरेलही, पण हंगाम बाकी आहे. ताप नसलेल्यांनी घ्यावी, दमावाल्याने तर नक्कीच. पुढच्या वर्षी मात्र सत्र सुरू होतानाच शिबिर मागून घ्या, साथ दारात आल्यावर नाही.

मास्कचंही सांगून टाकते. याच मिशिगनच्या वसतिगृहांत 2006-07 च्या हिवाळ्यात सुमारे 1,400 विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता. मास्क आणि हातांची स्वच्छता दोन्ही पाळणाऱ्यांत चौथ्या ते सहाव्या आठवड्यात फ्लूसारखे आजार 35 ते 51 टक्क्यांनी कमी दिसले. नुसत्या मास्कचा फरक खात्रीने सांगण्याएवढा नव्हता. दोन्ही करा.

आता गोळ्यांचा हिशेब, कारण याच्यात पोरं हमखास फसतात. धडधाकट प्रौढासाठी पॅरासिटामोलची कमाल मर्यादा दिवसाला 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर. पण सर्दीच्या तयार गोळ्यांमध्ये आणि गरम पाण्यात घालायच्या पुड्यांमध्येही पॅरासिटामोल असतं. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, रात्रीची वेगळी, असं करत मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही, आणि यकृताला इजा झाल्याचं लगेच समजतही नाही. पाकिटामागचे घटक वाच. दारू पूर्ण बंद. ॲस्पिरिन 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना फ्लूमध्ये अजिबात नाही, त्याने रेय सिंड्रोम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पहिल्या वर्षाला 17-18 ची पोरं असतात, म्हणून मुद्दाम लिहितेय. डेंग्यू असलेल्या भागात तर रक्त तपासेपर्यंत ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन कुणीच घेऊ नये.

प्रत्येक आजारी खाटेजवळ एक कागद चिकटव: वेळ, ताप, कुठली गोळी घेतली. ताप गोळीच्या आधी मोजायचा. गरम काही प्यायल्यावर अर्धा तास थांबून मग थर्मामीटर जिभेखाली. रूममेटने सकाळी, दुपारी आणि झोपण्याआधी दारातून हाक मारायची आणि नीट उत्तर मिळालं का बघायचं. नुसतं 'हं' चालणार नाही. डॉक्टरला तो कागद दाखवला की अर्धी चौकशी वाचते.

दम लागणं, छातीत दुखणं, बरळणं, ओठ निळसर होणं, सात-आठ तास लघवी न होणं, दमावाल्याचा पंप घेऊनही न थांबणारा त्रास: यातलं काहीही दिसलं की वॉर्डनला उठवा, रात्रीचे तीन का वाजले असेनात. ताप उतरून बरं वाटलं आणि दोन दिवसांनी जोरात परत आला, तर तो बहुधा फ्लू नाही, छातीत नवं काहीतरी बसलंय, त्याच दिवशी दाखवा. आणि ताप, जोरात डोकेदुखी, मान ताठ, अंगावर दाबल्याने न जाणारे लालसर-जांभळे ठिपके असं असेल तर फ्लू समजून झोपवू नका. तो मेंदुज्वर असू शकतो, तो वसतिगृहांत पसरतो, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

निळी शाई

मघाशी हलक्यात लिहिलं होतं. मेसबद्दल कुणी बोललं नाही. आजारी मुलाचं ताट वर कोण नेणार?

थर्मामीटर

बरोबर बोललात. मजल्यावरचे एक-दोघं ठरवून घ्या, जे नुकतेच फ्लूतून उठलेत आणि 24 तासांचा नियम पूर्ण झालाय. त्याच विषाणूने लगेच पुन्हा पडण्याची शक्यता त्यांची सगळ्यात कमी. ताट दाराबाहेर ठेवायचं, भांडी नेहमीच्या साबणाने धुतली की पुरे, वेगळी करायची गरज नाही. पाण्याची बाटली मात्र प्रत्येकाची स्वतःची.

तिसरा मजला

ताटांसाठी दोघं मिळाले. दमावाला केंद्रात जाऊन आला, डॉक्टरांनी औषध सुरू केलंय. तीन अँटिबायोटिकवाल्यांपैकी दोघांनी मित्राचं ऐकून घेतलं होतं, त्यांनी बंद केलं. तिसऱ्याचं डॉक्टरने लिहून दिलेलं निघालं, तो उद्या विचारून येतोय. अर्जावर रेक्टर सर म्हणाले, 'रजेचं प्राचार्य ठरवतील, पण तळमजल्यावरची पाहुण्यांची खोली आजपासून वापरा.' चावी मिळाली आहे. त्या खोलीची खिडकी रंगाने चिकटून बसली आहे, आत्ता सुतार बोलावलाय.

थर्मामीटर

छान. सुतार येईपर्यंत दार उघडं ठेवा. प्राचार्यांना आमच्यासारख्या केंद्राचं पत्र हवं असेल तर तुमच्याच केंद्रातल्या डॉक्टरांकडून घे, दोन ओळींचं पुरतं. सध्या रोज किती जण फक्त सर्टिफिकेटसाठी येतात, तो आकडा त्यात टाकायला सांग.